पसरणीचा चढ, आंबेनळीचा उतार

महाबळेश्वरला जाणारे बहुतेक पर्यटक वाईहून वर चढतात, दोन-तीन दिवस राहून पॉइंट पाहतात, स्ट्रॉबेरी, जाम आणि चपला खरेदी करतात आणि आल्या वाटेने परत फिरतात. महाबळेश्वरच्या पश्चिमेकडून, घनदाट झाडीतून थेट कोकणात उतरणारा रस्ता त्यांतले थोडेच लोक पाहतात. वास्तविक पूर्वेकडून सह्याद्री चढून पश्चिमेकडे उतरायचा, हा अनुभव एकदा तरी घ्यावा असा आहे. वाईपासून पोलादपूरपर्यंतचा रस्ता जेमतेम सत्तर-पंचाहत्तर किलोमीटरचा. पण तेवढ्यात देशावरची काळी शेते, पाचगणीची लाल माती, महाबळेश्वरचे धुके, जावळीचे रान आणि कोकणची दमट हवा असे सगळे काही भेटून जाते.

हा रस्ता एस.टी.ने केला तर खिडकीशी बसून निसर्ग पाहावा, एवढेच आपले काम. स्वतःच्या गाडीने केला तर मात्र एक गोष्ट आधी नक्की करावी लागते. वाई ते पाचगणी हा चढ सुमारे सहाशे मीटरचा आहे आणि महाबळेश्वर ते पोलादपूर हा उतार त्याच्या दुपटीने, म्हणजे बाराशे मीटरहून अधिक आहे. चढताना गाडीच्या इंजिनाची कसोटी लागते, उतरताना ब्रेकची. गेल्या डिसेंबरात या रस्त्याने जाताना आमच्या गाडीने ब्रेकची तक्रार चढावरच सांगितली, हे आमचे नशीब.

घरच्या घरी दुरुस्ती

सासूबाईंचे माहेर पोलादपूरजवळच्या एका खेड्यात. त्यांच्या भाचीचा साखरपुडा सोमवारी होता. शनिवारी पुण्याहून निघावे, रात्री महाबळेश्वरला राहावे, रविवारी प्रतापगड पाहून अंधार पडण्याआधी खाली उतरावे, असा बेत ठरला. सासूबाई, आम्ही दोघे, आमची दहा वर्षांची मुलगी आणि माझे धाकटे दीर, असे पाच जण. गाडी छोटी आणि जुनी, पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक आणि मागच्यांना ड्रम ब्रेक असलेली.

माझ्या दिरांना यंत्रांचे भारी वेड. निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी अंगणातच गाडी जॅकवर चढवली, पुढचे ब्रेक पॅड नवे घातले, मागचे लायनरही बदलले. "वहिनी, गॅरेजवाल्याला मजुरी कशाला द्यायची? तेवढ्यात आपली प्रतापगडावरची जेवणं होतील," असे म्हणत संध्याकाळी त्यांनी गल्लीतून एक फेरी मारून आणली. ब्रेक झकास लागत होता.

पुणे-सातारा रस्त्यावर टोलनाक्याच्या रांगेत यजमानांच्या पहिल्यांदा लक्षात आले की ब्रेकवरून पाय काढला तरी गाडी आपसूक पुढे सरकत नाही. थोडा उतार असूनही ती चिखलात रुतल्यासारखी जागीच उभी राहत होती. दीर म्हणाले, "नवे पॅड आहेत, दादा. थोडे घासणारच. शंभर किलोमीटर गेले की बसतील." ते काही अगदीच खोटे नव्हते. नव्या पॅडला डिस्कवर नीट बसायला थोडे अंतर जावे लागतेच.

वाई आणि पसरणी

खंबाटकी ओलांडून सुरूर फाट्याला उजवीकडे वळले की थोड्या वेळात वाई येते. कृष्णेच्या घाटांमुळे वाईला दक्षिण काशी म्हणतात. नदीकाठचा ढोल्या गणपती १७६२ साली गणपतराव भिकाजी रास्ते यांनी बांधला. मूर्ती एवढी भव्य की गाभाऱ्यात शिरल्यावर नजर आधी वर जाते, मग हात जोडले जातात. मराठी विश्वकोशाचे कामही याच गावातून, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या देखरेखीखाली उभे राहिले. घाटावर दहा मिनिटे बसून आम्ही पुढे निघालो.

वाई सोडताच पसरणी गाव लागते. शाहीर साबळे यांचा जन्म १९२३ साली याच गावात झाला. गाव मागे पडले की घाट सुरू होतो. एका अंगाला डोंगराचा कातळ, दुसऱ्या अंगाला खाली धोम धरणाचे पाणी, कृष्णेचे खोरे आणि चौकोनी तुकड्यांत आखलेली शेते. प्रत्येक वळणावर तेच दृश्य जरा उंचावरून दिसते.

अर्धा घाट चढलो असू, तोच सासूबाई म्हणाल्या, "काहीतरी जळतंय गं." केस जळावेत तसा उग्र वास येत होता. एक रुंद जागा पाहून यजमानांनी गाडी बाजूला घेतली. पुढच्या डाव्या चाकाशी हात नेला तर तव्याजवळ नेल्यासारखी धग लागत होती. उजव्या चाकाशी तसे काही नव्हते.

इथे यजमानांनी एक साधी गोष्ट बोलून दाखवली, ती मला फार पटली. घाट चढताना आपण ब्रेक लावतो तरी किती? वळणावर एखाद्या वेळी. मग चढावर ब्रेक तापायचे कारण काय? उतारावर तापला तर तो वापराने तापला असे म्हणता येईल. चढावर तापला म्हणजे कोणी लावला नसतानाही तो लागलेला आहे. इंजिन गाडी वर ओढत होते आणि ब्रेक तिला मागे धरून होता.

दिरांनी बाटलीतले पाणी चाकावर ओतायला घेतले, पण यजमानांनी त्यांना थांबवले. तापलेल्या डिस्कवर गार पाणी पडले तर ती वाकडी होऊ शकते. अर्धा तास आम्ही धोमचे पाणी पाहत बसलो, मग अगदी हळू पाचगणीपर्यंत गेलो.

"जास्त लागतो, मग बरंच की!"

पाचगणी इंग्रजांच्या काळात जॉन चेसन यांनी वसवली. त्यांनी लावलेल्या सिल्व्हर ओकच्या उंच झाडांमुळे आणि जुन्या निवासी शाळांमुळे या गावाला आजही वेगळाच डौल आहे. आम्ही मात्र टेबललँडच्या आधी गॅरेज शोधले.

मिस्त्री साठीच्या घरातले होते. त्यांनी गाडी सपाट जागेवर न्यूट्रलमध्ये घेतली, हँडब्रेक सोडला आणि मागून ढकलून पाहिली. गाडी हलेना. "धरून बसलीय," एवढेच ते म्हणाले.

सासूबाईंना साखरपुड्याची घाई. त्या म्हणाल्या, "अहो मिस्त्री, ब्रेक कमी लागला तर भीती. हा तर जास्त लागतोय. मग बरंच की!"

मला वाटते, आपल्यापैकी पुष्कळ जण असाच विचार करतील. घट्ट ब्रेक म्हणजे सुरक्षित ब्रेक. मिस्त्रींनी हातातला पाना खाली ठेवून त्यांना समजावले. "मावशी, जो ब्रेक सुटत नाही तो तापतो. तापला की त्यातलं तेल उकळतं. तेल उकळलं की वाफ धरते, आन् वाफ दाबली जाते. मग पाय खाली जातो, ब्रेक लागतच नाही. आत्ता जास्त लागतोय तोच आंबेनळीत लागायचा नाही."

ही गोष्ट समजून घेण्यासारखी आहे. ब्रेकचे पेडल दाबले की त्या दाबाने ब्रेक ऑईल पुढे सरकते आणि पॅडला डिस्कवर दाबते. द्रव दाबाने आकसत नाही, म्हणूनच पायाचा जोर चाकापर्यंत पोहोचतो. पण त्यात वाफेचे बुडबुडे झाले तर पायाचा जोर बुडबुडे दाबण्यातच संपतो. डॉट ३ प्रकारचे नवे ब्रेक ऑईल २०५ अंश सेल्सिअसच्या आत उकळता कामा नये, असा दंडक आहे. पण हे तेल हवेतला ओलावा शोषून घेते. ओलावा धरलेल्या जुन्या तेलासाठी हीच मर्यादा १४० अंशांवर येते. घाटात सतत घासणाऱ्या ब्रेकला तेवढे तापायला फार वेळ लागत नाही.

सासूबाई गप्प झाल्या आणि गॅरेजच्या बाकावर मांडी घालून बसल्या. "होऊ दे नीट. सोमवारी पोचलो तरी चालेल," त्या म्हणाल्या.

मिस्त्रींची तपासणी

मिस्त्रींनी काहीही खोलण्याआधी चारही चाके एकेक करून जॅकवर उचलून हाताने फिरवून पाहिली. पुढचे उजवे चाक किंचित घासत पण सहज फिरले. डिस्क ब्रेकच्या चाकाला एवढी घासण असायचीच, असे ते म्हणाले. मागची दोन्ही चाके सारखीच जड फिरत होती. पुढचे डावे चाक मात्र एका हाताने हलेना.

मागची दोन्ही चाके सारखीच जड, म्हणजे दोष दोघांना सामायिक असलेल्या गोष्टीत हवा. तो निघाला हँडब्रेकच्या केबलमध्ये. नवे लायनर घातल्यावर हँडब्रेक फार वर येतो म्हणून दिरांनी केबल आवळली होती. "आधी ड्रमच्या आतून शू जुळवायचे, मग शेवटी केबल," असे म्हणत मिस्त्रींनी केबल सैल केली आणि दोन्ही चाके मोकळी फिरू लागली.

पुढच्या डाव्या चाकासाठी त्यांनी केलेली परीक्षा तर कोणालाही लक्षात ठेवता येईल इतकी सोपी होती. ब्रेकमधली हवा काढायचे जे निपल असते, त्याला नळी लावून ते त्यांनी जरासे सैल केले. तेलाचे चार थेंब आले आणि चाक फिरवून पाहिले तर ते तसेच घट्ट. "तेलाचा दाब अडकला असता तर आत्ता चाक सुटलं असतं. सुटलं नाही, म्हंजे दोष इथंच, चाकापाशी."

कॅलिपर खोलल्यावर ते दिसलेच. कॅलिपर ज्या दोन पिनांवर मागेपुढे सरकतो, त्यांतली खालची पिन कोरडी पडून गंजली होती. शिवाय पॅड ज्या खाचेत बसतो तिथे गंजाचे पापुद्रे धरल्यामुळे नवा, जाड पॅड पाचरीसारखा अडकला होता. जुना पॅड झिजून सैल झालेला, म्हणून इतके दिवस तो दोष लपून राहिला. तारेच्या ब्रशने खाचा साफ झाल्या, पिन घासून तिला ब्रेकसाठी मिळणारे खास ग्रीस लावले गेले. साधे ग्रीस तिथे चालत नाही. त्याने रबर फुगते आणि पिन पुन्हा अडकते. पिस्टन मागे ढकलून पाहिला, तो सहज सरकत होता आणि त्याचे रबरही शाबूत होते.

हे सगळे चालू असताना दीर खाली मान घालून उभे होते. मिस्त्रींनी ते ओळखले असावे. ते म्हणाले, "काम वाईट नाय केलं पोरानं. पॅड सरळ बसवलेत, बोल्ट नीट आवळलेत. जुना गंज तेवढा तसाच राहिला. आता उजवं चाक तू कर, मी बघतो." मग दिरांनी उजव्या चाकाच्या पिना स्वतः काढल्या, पुसल्या, ग्रीस लावून बसवल्या. मिस्त्री शेजारी उकिडवे बसून पाहत होते. शेवटी डाव्या चाकातली हवा काढून, तेलाची पातळी पाहून, गाडी हलवण्यापूर्वी पेडल कडक होईपर्यंत पाच-सहा वेळा दाबायला त्यांनी सांगितले. पिस्टन मागे ढकलल्यावर पहिल्या दाबाला ब्रेक लागत नाही, हे विसरून गाडी चालू करणारे पुष्कळ असतात.

चहा घेता घेता यजमानांनी विचारले, "निपल सैल केल्यावर चाक सुटलं असतं तर?" तर दोष मागे, तेलाच्या वाटेत शोधायचा. एकच चाक धरत असेल तर बहुधा त्याचा रबरी होज पाइप. तो बाहेरून ठीक दिसतो, पण आतून फुगलेला असला तर तेलाला जाऊ देतो आणि परत येऊ देत नाही. कॅलिपर तारेने टांगून न ठेवता होजवर लोंबकळत सोडला तर तो असा बिघडू शकतो. सगळी चाके धरत असतील आणि गाडी चालेल तशी जास्तच धरत असतील, तर मास्टर सिलिंडर आणि पेडलचा दांडा पाहायचा. पेडल सोडल्यावर त्या दांड्याला थोडी मोकळीक हवी. ती नसली तर तेल टाकीत परत जायची वाट बंद राहते आणि गरम होऊन फुगलेले तेल ब्रेक आणखी दाबत जाते. ब्रेकमध्ये कोणी भलतेच तेल ओतले असेल तर सगळी रबरे फुगतात. मग ती सर्व बदलण्यावाचून गत्यंतर नसते.

जावळीच्या रानातून

पाचगणी ते महाबळेश्वर हे एकोणीस-वीस किलोमीटर आम्ही परीक्षा म्हणून गेलो. वेण्णा तलावापाशी थांबून दिरांनी चारही चाकांजवळ हात नेऊन पाहिला. डावे-उजवे सारखेच कोमट होते. मुलीला घोड्यावर बसायचे होते, ते तिथेच पार पडले.

रविवारी सकाळी क्षेत्र महाबळेश्वरच्या पंचगंगा मंदिरात गेलो. कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री आणि गायत्री या पाच नद्यांचा उगम इथला मानतात. यांतली सावित्री पश्चिमेला कोकणात उतरते आणि पोलादपूर, महाडवरून समुद्राकडे जाते. म्हणजे आमचा पुढचा रस्ता तिच्याच दिशेचा.

महाबळेश्वर सोडले की रस्ता झाडीत बुडतो. पहिला उतार कोयनेच्या खोऱ्यात, कुंभरोशीपर्यंत. याच बाजूला जुना रडतोंडीचा घाट आहे. चढणाऱ्या-उतरणाऱ्याला रडू फुटावे असा, म्हणून त्याचे हे नाव. अफजलखानाची फौज याच घाटाने जावळीत उतरली असे सांगतात. कुंभरोशीहून रस्ता प्रतापगडाकडे वळतो. १६५६ साली मोरोपंत पिंगळ्यांच्या देखरेखीखाली हा गड बांधून झाला आणि १० नोव्हेंबर १६५९ रोजी त्याच्या पायथ्याशी अफजलखानाचा वध झाला. गडावर भवानीमातेचे मंदिर आहे आणि १९५७ साली पंडित नेहरूंच्या हस्ते अनावरण झालेला शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा आहे. गडावरून पश्चिमेला पाहिले की कोकण पायाशी पसरलेले दिसते. वाचवलेल्या मजुरीतले निम्मे पैसे पाचगणीत गेले असले तरी पिठलं-भाकरीचे जेवण दिरांनीच दिले.

तिथून पुढे आंबेनळी घाट. इंग्रजी अमदानीत तो फिट्झजेराल्ड घाट म्हणून ओळखला जाई. अरुंद रस्ता, एकापाठोपाठ वळणे आणि झाडीआड दडलेली खोल दरी. २८ जुलै २०१८ रोजी दापोलीच्या कृषी विद्यापीठातील कर्मचाऱ्यांची सहलीची बस याच घाटात दरीत कोसळली आणि बसमधला एकच जण वाचला. त्या वळणांवरून जाताना गाडीत कोणी बोलत नव्हते.

यजमान गाडी दुसऱ्या गिअरमध्ये ठेवून उतरत होते. इंजिनच गाडी आवरून धरत होते. वळण जवळ आले की ब्रेक नीट दाबायचा, वेग कमी झाला की पाय पूर्ण उचलायचा. मध्येच एका रुंद जागी थांबून दिरांनी पुन्हा चाके पाहिली. वास नाही, धग नाही. "वहिनी, चारही सारखी आहेत," त्यांनी खिडकीतून सांगितले. सासूबाईंनी पिशवीतून आवळासुपारी काढून सगळ्यांच्या हातावर ठेवली. पोलादपूरला पोहोचलो तेव्हा उन्हे कलली होती आणि सर्वांनी स्वेटर काढून ठेवले होते.

घाट उतरण्यापूर्वी

ब्रेकचे काम घरी केले असो वा गॅरेजात, घाटात जाण्यापूर्वी पंचवीस-तीस किलोमीटर सपाटीवर गाडी चालवून पाहावी. ब्रेक कमी वापरून थांबावे आणि चारही चाकांजवळ हात न्यावा, चाकाला लावू नये. एक चाक इतरांपेक्षा फार गरम असेल, गाडी एका बाजूला ओढत असेल किंवा न्यूट्रलमध्ये ढकलली तरी हलत नसेल, तर पुढे जाऊ नये. आतले उघडून पाहण्याची सवय नसेल तर ते काम जाणकारावर सोपवावे.

जो घाट ज्या गिअरमध्ये चढाल, त्याच गिअरमध्ये तो उतरावा. ऑटोमॅटिक गाडी असेल तर खालचा गिअर निवडावा. पेट्रोल वाचवण्यासाठी उतारावर न्यूट्रल करणे किंवा इंजिन बंद करणे जिवावर बेतू शकते. ब्रेकचा वास आला तर रुंद जागी थांबावे, गाडी गिअरमध्ये ठेवून चाकांखाली दगड लावावेत आणि ब्रेक आपोआप गार होऊ द्यावेत. पाणी ओतू नये. गार होईपर्यंत हँडब्रेकही ओढू नये.

कसे जाल, केव्हा जाल

पुण्याहून सुरूर फाटा, वाई, पाचगणी या मार्गाने महाबळेश्वर सुमारे १२० किलोमीटर आहे. तिथून पोलादपूर चाळीस किलोमीटरच्या आसपास असून पुढे मुंबई-गोवा महामार्ग लागतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. पावसाळ्यात महाबळेश्वरला प्रचंड पाऊस पडतो आणि आंबेनळी घाटात दरडी कोसळतात. जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत या रस्त्याचे मोठे नुकसान झाले होते. म्हणून पावसाळ्यात निघण्यापूर्वी घाट चालू आहे ना, याची चौकशी करावी. उतार दिवसाउजेडीच करावा, आणि प्रतापगडासाठी किमान तीन तास हाताशी ठेवावेत.